आर्ने शोनबोम यांना का हटवलं? सायबर अधिकारी, हितसंबंध आणि राजकारण

प्रश्न असा आहे: जर्मनीच्या सायबर सुरक्षा संस्थेचे प्रमुख आर्ने शोनबोम यांना रशियाशी लागेबांधे असल्याच्या आरोपांच्या गदारोळात 2022 मध्ये हटवलं गेलं आणि पुढे चौकशीत काहीच निघालं नाही. अमेरिकेत सायबर सुरक्षा संस्थेचे प्रमुख ख्रिस क्रेब्स यांना तर राष्ट्राध्यक्षांनी ट्वीट करून काढलं. अशा अधिकाऱ्यांवर हितसंबंधांचे आरोप होतात तेव्हा त्यात तथ्य किती आणि राजकारण किती, हे बाहेरच्या माणसानं कसं ओळखायचं?

मी माहिती सुरक्षेच्या ऑडिटचं काम करतो. बँका, महापालिका, सरकारी खाती अशा सगळ्या ठिकाणी हे काम केलं आहे, निविदांच्या तांत्रिक समित्यांवरही बसलो आहे. त्या अनुभवावरून आधी थोडक्यात सांगतो. आरोप खरा की खोटा याच्या मागे लागण्याआधी एकच गोष्ट तपासा: त्या अधिकाऱ्याच्या जुन्या-नव्या संबंधांची नोंद वेळच्या वेळी कागदावर झाली होती का, आणि त्या नोंदीनुसार त्याला कोणत्या निर्णयांपासून दूर ठेवलं होतं? अशी नोंद नसेल तर प्रामाणिक अधिकाऱ्याकडेही स्वतःच्या बचावासाठी दाखवायला काही उरत नाही, आणि त्याला घालवू पाहणाऱ्या मंत्र्यालाही काही सिद्ध करावं लागत नाही. शोनबोम यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या, म्हणून ते प्रकरण नीट समजून घेऊ.

जर्मनीत संगणक आणि नेटवर्क सुरक्षेची जबाबदारी बॉन शहरातल्या बीएसआय या केंद्रीय कार्यालयाकडे आहे. 1991 मध्ये ते स्थापन झालं. त्याची मुळं जर्मन परदेशी गुप्तचर संस्थेच्या सांकेतिक लिपी विभागात आहेत, पण आज ते गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. कोणतं उपकरण सरकारी वापरासाठी योग्य, कोणत्या सॉफ्टवेअरबद्दल जनतेला सावध करायचं, वीज-पाणी-रुग्णालयं चालवणाऱ्यांनी कोणते नियम पाळायचे, हे सगळं या कार्यालयाच्या शब्दावर चालतं. त्याच्या एका इशाऱ्यानं एखाद्या कंपनीचा जर्मनीतला धंदा बसू शकतो. मार्च 2022 मध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर काही आठवड्यांतच, बीएसआयनं कॅस्परस्की या रशियन अँटीव्हायरसबद्दल असाच इशारा दिला. कंपनी कोर्टात गेली आणि हरली.

शोनबोम या पदावर फेब्रुवारी 2016 मध्ये आले. तेव्हाचे गृहमंत्री सीडीयू पक्षाचे थोमास द मेझिएर होते. शोनबोम यांचे वडील लष्करात जनरल होते, पुढे ब्रांडेनबुर्ग राज्यात सीडीयूचे गृहमंत्री झाले. शोनबोम स्वतः व्यवस्थापन शिकलेले, ईएडीएस या विमान आणि संरक्षण क्षेत्रातल्या कंपनीत काम केलेले. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे 2012 मध्ये त्यांनी बर्लिनमध्ये ‘सायबर सुरक्षा परिषद जर्मनी’ या नावाची एक संस्था काढली होती. ही नोंदणीकृत खासगी संस्था. कंपन्या तिच्या सभासद होत, सरकारी लोक तिच्या कार्यक्रमांना येत, धोरणांवर चर्चा होई. जर्मन सरकारची स्वतःची ‘राष्ट्रीय सायबर सुरक्षा परिषद’ 2011 पासून होती. दोन्ही नावं इतकी जवळची की नवख्या माणसाला ही खासगी संस्था सरकारीच वाटावी. नेमणुकीच्या वेळीच तिथल्या तंत्रज्ञ मंडळींनी विचारलं होतं की कंपन्यांची बाजू मांडणाऱ्या संस्थेचा संस्थापक उद्या त्याच कंपन्यांच्या उत्पादनांवर शिक्का मारणार का? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर तेव्हाच, लेखी, सर्वांना वाचता येईल असं द्यायला हवं होतं.

पदावर आल्यावर शोनबोम यांनी संस्थेचं अध्यक्षपद सोडलं. पुढे अध्यक्ष झालेले हान्स-विल्हेल्म ड्युन यांच्या रशियातल्या ओळखीपाळखींवर 2019 मध्ये जर्मन पत्रकारांनी बातम्या केल्या. 2020 मध्ये बर्लिनची प्रोटेलियन ही कंपनी संस्थेची सभासद झाली. प्रोटेलियनचं आधीचं नाव इन्फोटेक्स. मॉस्कोतल्या इन्फोटेक्स कंपनीची ती जर्मनीतली शाखा होती आणि मूळ कंपनीचे संस्थापक एकेकाळी केजीबीत होते. म्हणजे जर्मनीला सायबर हल्ल्यांपासून वाचवण्याच्या नावानं चालणाऱ्या संस्थेत रशियन मुळाची सुरक्षा कंपनी बसली होती.

सप्टेंबर 2022 मध्ये संस्थेला 10 वर्षं झाली. शोनबोम त्या कार्यक्रमाला गेले आणि भाषण केलं. गृहमंत्रालयाची परवानगी घेऊन गेले होते, हे लक्षात ठेवा. 7 ऑक्टोबरला झेडडीएफ वाहिनीवर यान ब्योमरमान यांच्या व्यंगात्मक कार्यक्रमात हे सगळे धागे एकत्र गुंफले गेले आणि शोनबोम यांची ‘सायबर विदूषक’ म्हणून खिल्ली उडवली गेली. 18 ऑक्टोबरला एसपीडी पक्षाच्या गृहमंत्री नॅन्सी फेझर यांनी त्यांना तत्काळ कामकाज करण्यास मनाई केली. मंत्रालयानं कारण दिलं ते नीट वाचण्यासारखं आहे: आरोपांमुळे संस्थेच्या प्रमुखाच्या तटस्थपणावरचा जनतेचा विश्वास ढळला आहे. त्यांनी अमुक नियम मोडला असं त्यात नव्हतं. शोनबोम यांनी आपल्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई सुरू करा अशी स्वतःहून मागणी केली होती, म्हणजे निदान आरोप तरी लेखी समोर येतील.

जर्मनीत सरकारी अधिकारी असा सहज काढता येत नाही. काही निवडक पदांवरच्या ‘राजकीय अधिकाऱ्यां’ना मंत्री विश्वास उडाला म्हणून निवृत्त करू शकतो, पण बीएसआयच्या प्रमुखाचं पद त्यात नव्हतं. म्हणून 1 जानेवारी 2023 पासून शोनबोम यांना सरकारी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रीय अकादमीच्या प्रमुखपदी बदललं. आपल्याकडे साइड पोस्टिंग म्हणतात तसंच. प्राथमिक चौकशीत शिस्तभंगाची कारवाई करण्याजोगं काही सापडलं नाही. जुलै 2023 मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेतून आलेल्या क्लाउडिया प्लाटनर बीएसआयच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.

प्रकरण इथे थांबलं नाही. 2023 च्या उत्तरार्धात गृहमंत्रालयातली एक टिप्पणी बाहेर आली. तिच्यावरून असा आरोप झाला की चौकशीत काही हाती लागत नाही म्हटल्यावर देशांतर्गत गुप्तचर खात्याकडे शोनबोम यांच्याबद्दल पुन्हा विचारणा करायला सांगण्यात आलं. गुप्तचरांकरवी पाळत ठेवल्याचा आरोपही झाला, तो मंत्रालयानं फेटाळला. पण फेझर त्या वेळी हेसन राज्यात मुख्यमंत्रिपदाच्या उमेदवार होत्या आणि 8 ऑक्टोबरला मतदान होतं. विरोधी सीडीयूला मुद्दा मिळाला, तो त्यांनी सोडला नाही. आता चर्चा सायबर सुरक्षेची राहिलीच नव्हती. पुढे शोनबोम यांनी झेडडीएफविरुद्ध म्युनिकच्या न्यायालयात दावा लावला. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयानं वाहिनीला चार विधानं पुन्हा करायला मनाई केली. या माणसाचे रशियन गुप्तचरांशी जाणूनबुजून संबंध होते असा प्रेक्षकाचा समज त्यातून होतो, हा मुद्दा ग्राह्य धरला. त्यांनी मागितलेली 1 लाख युरोंची भरपाई मात्र नाकारली.

आता माझं मत. शोनबोम यांचा हितसंबंध खरा होता, कुणी रचलेला नव्हता. स्वतः काढलेल्या, कंपन्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेशी संबंध, आणि हातात त्याच क्षेत्रावरची नियामक सत्ता. पण हितसंबंध असणं हा गुन्हा नाही. सायबर सुरक्षेत तर तो टाळणंच अवघड आहे, कारण हे काम जाणणारी माणसं बहुतेक कंपन्यांतूनच येतात. ज्याला उद्योगातलं कुणी ओळखत नाही असा प्रमुख शोधायला गेलात तर ज्याला काम येत नाही असा प्रमुख मिळेल. उपाय माणूस बदलण्यात नाही, त्याच्याभोवती कागदाचं कुंपण घालण्यात आहे. 2016 मध्ये एका पानाची टिप्पणी पुरली असती: या संस्थेच्या कार्यक्रमांना अध्यक्ष जाणार नाहीत, तिच्या सभासद कंपन्यांची प्रमाणपत्रं, तक्रारी, इशारे यांच्या फायली थेट उपाध्यक्षांकडे जातील, अध्यक्ष त्यावर शेरा मारणार नाहीत. एवढं लिहिलेलं असतं तर सप्टेंबर 2022 चं भाषण झालंच नसतं. आणि झालं असतं तर नियम मोडला म्हणून सरळ कारवाई करता आली असती, विश्वास ढळल्याची भाषा करावी लागली नसती.

परवानगीचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. ज्या मंत्रालयानं भाषणाला हो म्हटलं, त्याच मंत्रालयानं काही आठवड्यांनी त्या माणसाला घरी बसवलं. परवानगी देताना संस्थेत कोण सभासद आहेत हे कुणी पाहिलं होतं का? ड्युन यांच्याबद्दलच्या बातम्या तोवर तीन वर्षं जुन्या झाल्या होत्या. जबाबदारी वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा ती एकाच खुर्चीवर येऊन पडली.

हे कुंपण प्रत्यक्षात कसं तुटतं ते आपल्याकडच्या एका प्रसंगावरून सांगतो. एका सरकारी कार्यालयाच्या फायरवॉल (नेटवर्कवर पहारा ठेवणारं उपकरण) खरेदीच्या निविदेवर मत द्यायला मला बोलावलं होतं. तपशीलपत्रकात तीन अटी होत्या. डेटा वाहून नेण्याची क्षमता अमुक, पोर्ट इतके आणि याच प्रकारचे, आणि नियंत्रणाचा कन्सोल एका विशिष्ट रचनेचा. प्रत्येक अट सुटी घेतली तर योग्यच वाटेल. तिन्ही एकत्र धरल्या की बाजारात एकाच कंपनीचा डबा उरतो. निविदा भरण्याआधीच्या (प्री-बिड) बैठकीत दोन निविदाकारांनी हरकत घेतली, तेव्हा कळलं की तपशीलपत्रक ज्या सल्लागारानं लिहिलं तो आधी त्याच कंपनीच्या वितरकाकडे होता. त्यानं हे लपवलं नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारायचा रकाना फॉर्मवर नव्हता. इतिवृत्तात तपशील कुणी लिहिला याचा उल्लेखही नव्हता. शुद्धिपत्रक काढून दोन अटी सैल केल्या, खरेदी पार पडली. माणूस लबाड होता असं मला आजही वाटत नाही. वर्षानुवर्षं एकच उत्पादन हाताळलेल्याला तेच ‘योग्य’ वाटतं. हितसंबंध बहुतेक वेळा असाच काम करतो, लाचेच्या पाकिटाशिवाय. पण उद्या त्या कार्यालयात सत्तांतर झालं असतं आणि कुणी ही फाईल उघडली असती, तर त्याला घोटाळा ठरवायला पंधरा मिनिटं पुरली असती.

अमेरिकेतलं जुनं प्रकरण वेगळ्या जातीचं आहे. जनरल कीथ अलेक्झांडर 2005 ते 2014 एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचे प्रमुख होते. निवृत्त होताच त्यांनी आयर्ननेट नावाची कंपनी काढली आणि बँकांना सायबर सल्ला द्यायला सुरुवात केली. महिन्याला 10 लाख डॉलरपर्यंत शुल्क मागितल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा काँग्रेसचे सदस्य ॲलन ग्रेसन यांनी विचारलं की इतके पैसे मोजून तुम्ही नेमकं काय विकता आहात, देशाची गुपितं तर नाही? अलेक्झांडर यांनी ते ठामपणे नाकारलं. ऑक्टोबर 2014 मध्ये याहून गंभीर गोष्ट बाहेर आली. एनएसएचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी पॅट्रिक डाउड हे पदावर असतानाच आठवड्याला 20 तासांपर्यंत आयर्ननेटसाठी काम करणार होते, आणि संस्थेच्या वरिष्ठांनी त्याला मान्यता दिली होती. बातमी छापून आल्यावर काही दिवसांतच अलेक्झांडर यांनी ती व्यवस्था रद्द केली.

इथे सगळं लेखी होतं, परवानगीही होती. म्हणजे नुसता कागद पुरत नाही, कागदावर सही करणारा कोण तेही पाहावं लागतं. आपल्या कालपर्यंतच्या साहेबाच्या कंपनीला आपल्याच अधिकाऱ्याचे तास द्यायचे का, हा निर्णय त्याच इमारतीत घेऊन चालत नाही. अमेरिकेत यासाठी चांगले कायदे आहेत. ज्या प्रकरणात आपला पैसा गुंतला आहे त्यात अधिकाऱ्यानं भाग घेणं हा फौजदारी गुन्हा आहे. स्वतः हाताळलेल्या विशिष्ट प्रकरणात निवृत्तीनंतर दुसऱ्याच्या वतीनं सरकारसमोर उभं राहायला कायमची बंदी आहे. वरिष्ठांना आपल्याच जुन्या खात्याकडे खेटे घालायला निदान एक वर्षाची मनाई आहे. मोठ्या अधिकाऱ्यांची मालमत्ता आणि उत्पन्नाची विवरणपत्रं नागरिकाला मागून पाहता येतात. तरीही फट राहते, कारण हे सगळे नियम ठरावीक प्रकरणं आणि पैशाचे व्यवहार धरून लिहिलेले आहेत. डोक्यातली माहिती आणि नावाचं वजन त्यांच्या पकडीत येत नाही. सायबरमध्ये नेमकं तेच विकलं जातं.

क्रेब्स यांची गोष्ट मात्र जवळजवळ उलट आहे. ते मायक्रोसॉफ्टमधून सरकारात आलेले. 2018 मध्ये सीसा ही अमेरिकी सरकारची सायबर सुरक्षा संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक, नेमणूक ट्रम्प यांचीच. 2020 च्या निवडणुकीत सीसानं अफवांचं खंडन करणारं एक पान चालवलं. 12 नोव्हेंबरला निवडणूक अधिकाऱ्यांच्या समन्वय मंडळानं सीसासह निवेदन काढलं की ही अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत सुरक्षित निवडणूक होती आणि कोणत्याही मतदान यंत्रणेनं मतं पुसल्याचा किंवा बदलल्याचा पुरावा नाही. 17 नोव्हेंबरला ट्रम्प यांनी क्रेब्स यांना काढल्याचं ट्वीट केलं. कारण म्हणून हेच निवेदन दिलं, ते ‘अत्यंत चुकीचं’ असल्याचं सांगून. दोनच दिवसांनी जॉर्जिया राज्यानं सुमारे 50 लाख मतपत्रिका हातानं मोजून निकाल जाहीर केला. यंत्रांनी सांगितलेला विजेता बदलला नाही.

इथे हितसंबंधाचा आरोप नव्हताच. अधिकाऱ्यानं आपल्या खात्याचा निष्कर्ष सांगितला आणि तो सत्तेवरच्या माणसाला गैरसोयीचा होता, इतकंच. पण पुढचा भाग क्रेब्स यांचे चाहते वगळतात, म्हणून सांगतो. पद गेल्यावर त्यांनी सायबर तज्ज्ञ ॲलेक्स स्टॅमोस यांच्यासोबत सल्लागार कंपनी काढली आणि जानेवारी 2021 मध्ये तिला मिळालेलं पहिलं मोठं काम होतं सोलरविंड्सचं. सोलरविंड्सच्या सॉफ्टवेअरमधून हल्लेखोर अमेरिकी सरकारी खात्यांत महिनोन् महिने वावरत होते, आणि त्यातला बराच काळ सीसाच्या प्रमुखपदी क्रेब्सच होते. त्यांनी काही बेकायदा केलं असं कुणी दाखवलेलं नाही, हल्ला उघडकीस आला तो ते गेल्यावर. तरीही ज्या घटनेच्या काळात आपण पहारेकरी होतो त्याच घटनेतल्या कंपनीचं काम इतक्या लवकर घेणं मला पटत नाही. आणखी वर्षभर थांबता आलं असतं.

सीसावर एक टीका अशी होती की निवडणुकीसंबंधी खोट्या वाटणाऱ्या पोस्ट ती समाजमाध्यम कंपन्यांकडे पाठवत असे, आणि सरकारी संस्थेनं असं करणं म्हणजे अभिव्यक्तीवर दबाव आहे. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून 2024 मध्ये न्यायालयानं दावेदारांना दावा लावण्याचा अधिकार सिद्ध करता आला नाही म्हणून निकाली काढला. म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालंच नाही. मतदान यंत्र सुरक्षित आहे का हे तपासणं सायबर संस्थेचं काम आहे. नागरिकानं लिहिलेलं खरं की खोटं हे ठरवणाऱ्यांच्या साखळीत तिनं उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे उभी राहिली की ती कितीही सचोटीनं वागो, अर्ध्या देशाला ती पक्षपातीच वाटणार.

मात्र एप्रिल 2025 मध्ये जे झालं त्याचं समर्थन या टीकेतून होत नाही. पुन्हा सत्तेवर आलेल्या ट्रम्प यांनी क्रेब्स यांचा गोपनीय माहिती पाहण्याचा परवाना काढून घेतला, त्यांच्या सरकारी कारकिर्दीची चौकशी करायला सांगितलं, आणि ते ज्या सेंटिनलवन या सायबर सुरक्षा कंपनीत काम करत होते तिथल्या लोकांचेही परवाने स्थगित करायला लावले. आठवडाभरात क्रेब्स यांनी नोकरी सोडली. एका माणसाशी हिशेब चुकवताना त्याच्या मालकालाही ओढलं की उद्या कोणती कंपनी अप्रिय निष्कर्ष सांगणाऱ्या माजी अधिकाऱ्याला नोकरी देईल? आणि ही धास्ती मनात असलेला आजचा अधिकारी आपल्या अहवालात काय लिहील?

माणसांबद्दल इतकं बोलल्यावर संस्थांबद्दल बोलायला हवं, कारण मोठा हितसंबंध तिथे असतो आणि त्यावर क्वचितच कार्यक्रम होतात. बीएसआयचं काम सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवण्याचं. ज्या गृहमंत्रालयाखाली ती आहे, त्याच्याच हाताखाली केंद्रीय पोलीस आणि देशांतर्गत गुप्तचर खातं आहे, ज्यांना फोन उघडण्यासाठी तीच भोकं हवी असतात. 2017 पासून त्यांना तांत्रिक मदत करणारी एक वेगळी संस्था म्युनिकला आहे, तीही याच मंत्रालयाची. बीएसआय अधिक स्वतंत्र करू असं फेझर ज्या सरकारात मंत्री होत्या त्याच्या 2021 च्या आघाडी करारात लिहिलं होतं. अमेरिकेत एनएसए हल्ला आणि बचाव दोन्ही सांभाळते. विंडोजमधलं एक भोक तिनं स्वतःच्या वापरासाठी राखून ठेवलं, ते हत्यार चोरीला गेलं, आणि 12 मे 2017 ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस बनून त्यानं ब्रिटनची रुग्णालयं बंद पाडली. त्यात कुणाचेही पैसे खाल्लेले नव्हते, कुणाचा मेहुणा कंत्राटदार नव्हता. तरी त्याहून मोठा हितसंबंधांचा झगडा मला माहीत नाही.

आपल्याकडे सायबर हल्ल्यांची दखल घेणारी सर्ट-इन ही संस्था इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखाली येते. आधारचं प्राधिकरणही त्याच मंत्रालयाखाली आहे, डिजिलॉकरही. म्हणजे तपासणारा आणि ज्याला तपासायचं तो, दोघांचा मंत्री एकच. महत्त्वाच्या पायाभूत यंत्रणांचं रक्षण करणारी एनसीआयआयपीसी तर एनटीआरओ या तांत्रिक गुप्तचर संस्थेचा भाग आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्ट-इनचं नाव माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत घातलं गेलं, म्हणजे तिला सर्वसाधारण माहिती देण्यापासून सूट मिळाली. हल्ल्यांचे तांत्रिक तपशील झाकणं मी समजू शकतो. पण कोणत्या अधिकाऱ्याचे कोणत्या कंपनीशी पूर्वीचे संबंध आहेत, ऑडिटसाठी कंपन्यांची यादी करताना कोण समितीवर होतं, हे झाकण्यात सुरक्षेचा काहीच फायदा नाही. उलट उद्या इथे शोनबोमसारखं वादळ उठलं तर प्रामाणिक अधिकाऱ्याला आपलं नाव साफ करायला हाताशी कागद नसेल.

महाराष्ट्रानं याची चव घेतलेली आहे. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. मार्च 2021 च्या सुरुवातीला, एका अमेरिकी कंपनीचा चिनी हॅकर्सबद्दलचा अहवाल गाजत असताना, तेव्हाचे राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे सायबर घातपाताची शक्यता मांडली. लगोलग केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी सांगितलं की वीज मानवी चुकीमुळे गेली. राज्यात महाविकास आघाडी, केंद्रात भाजप. लोकांनी आपापल्या पक्षाप्रमाणे कारण निवडलं. सबस्टेशनच्या नोंदी काय सांगतात, कोणती वाहिनी किती वाजता ट्रिप झाली आणि नियंत्रण कक्षातल्या संगणकावर त्या मिनिटाला काय चाललं होतं, हे जुळवून दाखवणारा संपूर्ण तांत्रिक अहवाल सगळ्यांसमोर ठेवला असता तर मंत्र्यांच्या शब्दावर अवलंबून राहावं लागलं नसतं. अशा वेळी अधिकारी मंत्र्याच्या शेजारी बसून मान डोलावतो की स्वतःच्या सहीनं निष्कर्ष देतो, यावर माझं तरी त्याच्याबद्दलचं मत ठरतं.

तर बाहेरून काय बघायचं? मी आरोपाच्या भाषेपासून सुरुवात करतो. ‘अमुक तारखेला अमुक कंपनीच्या फाईलवर निर्णय घेतला आणि त्या कंपनीत त्यांचे शेअर होते’ असा आरोप तपासता येतो. ‘जवळीक आहे’, ‘वर्तुळात वावर आहे’, ‘विश्वास राहिला नाही’ ही वाक्यं तपासता येत नाहीत, आणि तरीही त्यांनी माणसाचं पद जातं. मग पाहायचं की आरोप करणाऱ्याच्या हातात चौकशीचा अधिकार होता का, आणि त्यानं तो कारवाईच्या आधी वापरला की नंतर. फेझर यांनी नंतर वापरला. डाउड यांच्या बाबतीत बातमीनंतर व्यवस्था मोडली, नोकरी मोडली नाही, हे प्रमाणात होतं. एखाद्या कंपनीला झालेला प्रत्यक्ष फायदा कुणी दाखवतो आहे का, हेही पाहा. प्रोटेलियनला शोनबोम यांच्यामुळे काय मिळालं, याचं ठोस उत्तर त्या सगळ्या गदारोळात कुणी दिलं नाही. आणि माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी खूण म्हणजे, आरोप ज्या निष्कर्षाच्या किंवा इशाऱ्याच्या पाठोपाठ आला तो निष्कर्ष कुणाला अडचणीचा होता, याची तारीखवार यादी करून बघणं.

तुम्हाला इथलं एखादं प्रकरण हाती घ्यायचं असेल तर सर्ट-इनला मिळालेल्या सुटीमुळे थांबू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 24 मध्येच लिहिलं आहे की भ्रष्टाचाराच्या आरोपांसंबंधीची माहिती या सुटीतून वगळलेली आहे. शिवाय खरेदी करणारं खातं, महापालिका किंवा महामंडळ अनुसूचीत नसतंच. अर्ज त्यांच्याकडे करा. ‘घोटाळ्याची माहिती द्या’ असं लिहू नका, ते परत येईल. अमुक क्रमांकाच्या निविदेच्या तांत्रिक मूल्यमापन समितीतल्या सदस्यांची पदनामं, तपशीलपत्रक तयार करणाऱ्या सल्लागाराचा कार्यादेश, प्री-बिड बैठकीचं इतिवृत्त, सगळी शुद्धिपत्रकं, आणि समितीच्या सदस्यांनी दिलेली हितसंबंधांची घोषणापत्रं, एवढं मागा. केंद्राच्या खरेदीत सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मधला नियम 175 हितसंबंध उघड करण्याची अपेक्षा ठेवतो, त्याचा हवाला अर्जातच द्या. घोषणापत्रं नाहीत असं उत्तर आलं तर तेही सही-शिक्क्यानिशी घ्या.